मेटल डिटेक्टर: हलका घ्यावा की दणकट?

इंदूरमध्ये गेली अनेक वर्षे मी मोजमापाची आणि शोधकामाची उपकरणे दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर मेटल डिटेक्टर घेऊन येणारी माणसे निरनिराळ्या व्यवसायांतली असतात. डांबराखाली दडलेली पाण्याच्या व्हॉल्व्हची झाकणे शोधणारे ठेकेदार येतात, राजवाड्याच्या आसपासचे जुने वाडे उतरवल्यावर निघालेले सागवान चिरण्यापूर्वी त्यातले खिळे तपासणारे लाकूडवाले येतात, मंदिरांच्या आणि मॉलच्या दारांवर उभे राहणारे सुरक्षारक्षक येतात, आणि शेतात हरवलेला दागिना शोधून देणारी एखाद-दुसरी हौशी माणसेही येतात. नवे उपकरण घेण्याआधी यांतले बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: "हलका घ्यावा की मजबूत?" वजन आणि मजबुती ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. माझ्या मते प्रश्नच बदलायला हवा. उपकरणाचे वजन नेमके कोणत्या जागी आहे, आणि त्याचा कोणता सांधा आधी तुटणार आहे, हे दोन प्रश्न विचारले तर निवड पुष्कळ सोपी होते.

आधी उपकरण काम कसे करते ते पाहू, कारण सगळा तिढा तिथूनच सुरू होतो. जमिनीलगत फिरणाऱ्या चपट्या तबकडीला कॉइल म्हणतात. नेहमीच्या वापरातल्या डिटेक्टरच्या कॉइलमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो आणि त्यामुळे भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि ते दुसरे वेटोळे टिपते. जवळपास धातू नसेल तेव्हा पहिल्या वेटोळ्याचा दुसऱ्यावरचा परिणाम जवळजवळ शून्य असावा, अशा बेताने ती दोन्ही एकमेकांवर बसवलेली असतात. हा तोल फार नाजूक असतो. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली याच तत्त्वावरचे उपकरण वापरले होते. तो प्रयत्न फसला, आणि त्याचे एक कारण म्हणून रुग्णाच्या गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांकडे बोट दाखवले जाते.

वस्तू मजबूत करायची म्हणजे पोलादाची करायची, ही आपली सवयीची समजूत इथे उपयोगी पडत नाही, हे यावरून लक्षात येईल. कॉइलच्या जवळचा कोणताही भाग धातूचा ठेवला तर उपकरण स्वतःलाच शोधत बसेल. म्हणून कॉइलला दांडीशी जोडणारा बोल्ट नायलॉनचा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे वॉशर रबराचे असतात, आणि दांडीचा सर्वांत खालचा तुकडा प्लास्टिक, फायबरग्लास किंवा कार्बन फायबर यांचा असतो. ज्या जागी सर्वांत जास्त धक्के बसतात, नेमक्या त्याच जागी सर्वांत मऊ सामग्री वापरावी लागते. पैसे कितीही मोजले तरी ही अडचण टळत नाही, आणि डिटेक्टरचे वजन वाढवूनही ती टळत नाही.

आता वजनाकडे येऊ. माहितीपत्रकात एकच आकडा दिलेला असतो. एक्सपी ड्यूस हा बिनतारी कॉइलचा डिटेक्टर एक किलोच्या आत बसतो, मिनलॅबचा इक्विनॉक्स ८०० सुमारे १.३४ किलोचा आहे, आणि त्याच कंपनीचा, सोन्याचे खनिज खोलवर शोधण्यासाठी बनवलेला जीपीझेड ७००० सव्वातीन किलोच्या पुढे जातो. परंतु हा आकडा काट्यावरचा आहे आणि हाताला वजन काट्यासारखे जाणवत नाही. बादली हातात सरळ खाली लोंबकळू दिली तर पाच किलोही चालते. तीच बादली हात समोर ताणून धरली तर दोन किलो अर्ध्या मिनिटात नकोसे होते. डिटेक्टर हा मुळातच ताणून धरलेला हात आहे.

एक हिशेब करून पाहू. दोन डिटेक्टर आहेत, दोघांचेही एकूण वजन दीड किलो आहे. मुठीची जागा हा टेकू समजा. पहिल्याची कॉइल ७०० ग्रॅमची आहे आणि ती मुठीपासून ९० सेंटीमीटर पुढे आहे, म्हणजे तिची खाली ओढण्याची ताकद ०.७ गुणिले ९०, अर्थात ६३ किलो-सेंटीमीटर झाली. दुसऱ्याची कॉइल ४५० ग्रॅमची आहे, म्हणून तिची ओढ सुमारे साडेचाळीस होते. शिवाय त्याची २५० ग्रॅमची बॅटरी मुठीच्या ३५ सेंटीमीटर मागे, कोपराखाली बसवलेली आहे, आणि ती उलट बाजूने पावणेनऊची ओढ देते. उरले सुमारे ३२. काट्यावर दोन्ही उपकरणे सारखी, पण मनगटाला दुसरे जवळजवळ निम्म्याने हलके वाटते. दांडीचे आणि डब्याचे वजन मी हिशेबात घेतलेले नाही, तरीही मुद्दा बदलत नाही: पुढच्या टोकावरचे शंभर ग्रॅम हे कोपराखालच्या शंभर ग्रॅमपेक्षा फार वेगळे असतात.

हे झाले उपकरण नुसते धरून ठेवण्याचे. प्रत्यक्षात ते सतत डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवायचे असते. सेकंदाला एक फेर धरला तर तासाला ३६०० फेर होतात आणि प्रत्येक फेराच्या शेवटी कॉइलला थांबवून उलट दिशेला वळवावे लागते. फिरणाऱ्या वस्तूचा हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की विरोध चौपट होतो. याचा सोपा आणि बिनखर्चाचा उपयोग असा, की दांडी गरजेपेक्षा लांब ठेवू नये. कॉइल कोपरापासून १२० सेंटीमीटरवर असेल आणि आपण दांडी १० सेंटीमीटरने आखूड केली, तर फेरातला कॉइलचा विरोध सुमारे १६ टक्क्यांनी कमी होतो. नवशिके लोक दांडी जवळजवळ नेहमीच लांब ठेवतात, कारण त्यांना वाटते की लांब दांडीने जास्त जमीन झाकली जाईल. कॉइल पायाच्या बोटांपुढे एका हाताच्या अंतराच्या आत फिरली पाहिजे आणि पाठ सरळ राहिली पाहिजे. उंच माणसाला त्यासाठी दांडी थोडी जास्त लागते, आणि म्हणून त्याने हलक्या कॉइलचा आग्रह अधिक धरावा.

वजनाचा त्रास फक्त हाताला होत असता तर तो सोसण्याचा प्रश्न ठरला असता. पण दमलेला हात शोधही बिघडवतो, आणि या मुद्द्याबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ आहे. हात दमला की फेराच्या दोन्ही टोकांना कॉइल आपोआप उचलली जाते. तिचा मार्ग जमिनीला समांतर न राहता झोपाळ्यासारखा कमानदार होतो. अंतर वाढले की संकेत किती झपाट्याने घटतो याची कल्पना फार थोड्यांना असते. चुंबकीय क्षेत्र वस्तूपर्यंत जाताना क्षीण होते आणि वस्तूकडून परत येतानाही तितकेच क्षीण होते, म्हणून दुहेरी घट होते. साधारण २८ सेंटीमीटर व्यासाच्या कॉइलखाली बरोबर मध्यावर, १५ सेंटीमीटर अंतरावर एखादे छोटे नाणे असेल आणि कॉइल आणखी केवळ ५ सेंटीमीटर वर गेली, तर साध्या गणिताने मूळ संकेताचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. एवढ्या फरकाने स्पष्ट ऐकू येणारा आवाज जमिनीच्या कुरकुरीत हरवून जातो.

मी हे स्वतः अनुभवले आहे. राजेंद्रनगरातल्या आमच्या परिचयाच्या एका वहिनींचे चांदीचे जोडवे चोरल धरणाकडच्या शेतात दाल-बाफल्यांच्या सहलीत पडले होते. मी दोन किलोंहून जड, मोठ्या कॉइलचा डिटेक्टर मागून आणला, कारण मोठ्या कॉइलने शेत लवकर पालथे घालता येईल असे मला वाटले. दीड तासात दंड भरून आला, आणि जोडवे मिळाले नाही. पुढच्या रविवारी सव्वा किलोच्या आतला, सहा इंची कॉइलचा डिटेक्टर घेऊन गेलो आणि दोरी लावून तेच शेत पट्ट्यापट्ट्याने पुन्हा तपासले. जोडवे आधी "तपासून झालेल्या" भागातच मिळाले. ट्रॅक्टरच्या चाकोरीत सहा-सात सेंटीमीटर खाली दबले होते आणि आधीच्या पट्ट्याच्या अगदी काठावर होते. मोठी कॉइल लहान वस्तूंना कमी संवेदनशील असते हे एक कारण होतेच, पण काठावर ती उचलली जात होती हे दुसरे कारण माझ्या हाताचे होते. वहिनींनी जोडवे तिथेच धुऊन बोटात घातले.

आता टिकाऊपणाकडे वळू. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डिटेक्टरांमध्ये मधला इलेक्ट्रॉनिक भाग आपोआप बिघडलेला क्वचितच असतो. कॉइलचे दोन कान, म्हणजे बोल्ट ज्यांतून जातो ते प्लास्टिकचे उंचवटे, चिरलेले असतात. कॉइलच्या तोंडाशी वायर आतून तुटलेली असते, वरून मात्र शाबूत दिसते. दांडीची लांबी पक्की करणारे खटके झिजलेले असतात. बॅटरीच्या कप्प्याचे झाकण हरवलेले असते आणि स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा थर आलेला असतो. यांतला एकही दोष उपकरण हलके होते म्हणून आलेला नसतो. कान चिरतात ते नायलॉनचा बोल्ट पक्कडीने आवळल्यामुळे. तो बोटांनी, रबरी वॉशर किंचित दबतील इतकाच आवळायचा असतो. वायर तुटते ती कॉइलजवळ सैलसर वळण न ठेवता ताणून गुंडाळल्यामुळे. तीच वायर दांडीवर सैल लोंबत ठेवली तर कॉइलजवळ हलून खोटे आवाज देते, म्हणून कॉइलजवळ थोडी मोकळीक ठेवून बाकीची दांडीला घट्ट बांधावी. बिनतारी कॉइल ही अडचण मुळातूनच घालवते, पण मग कॉइलच्या पोटात स्वतःची बॅटरी येते आणि ती चार्ज करण्याचे लक्षात ठेवावे लागते.

मजबुती आणि ताठपणा यांत आपण सहसा गल्लत करतो. दांडी न तुटणारी असली तरी ती लवचिक असेल तर प्रत्येक फेरात कॉइल खाली-वर नाचते. दिल्लीच्या रेताड मातीत ते कदाचित खपून जाईल. माळव्यात खपत नाही. इंदूरची काळी माती ज्या बेसाल्ट खडकातून तयार झाली तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे आणि त्यात लोहयुक्त खनिजे भरपूर आहेत. अशा जमिनीवर कॉइलची उंची बदलली की जमीनच संकेत देऊ लागते. जमिनीचा हा परिणाम वजा करण्याची सोय, जिला ग्राउंड बॅलन्स म्हणतात, चांगल्या उपकरणांत असते. पण कॉइल नाचत असेल तर तीही पुरी पडत नाही. म्हणून दांडी खालच्या टोकाला धरून हळूच पिळून पाहावी. सांध्यात खडखड जाणवली तर तो डिटेक्टर कितीही मजबूत असो, आपल्या मातीसाठी तो चुकीचा आहे.

दांडीच्या सामग्रीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, वरच्या भागाला ॲल्युमिनियम उत्तम असते. ते आपटले तर त्याला पोचा पडतो, पण ते अचानक दगा देत नाही, आणि पोचा डोळ्यांना दिसतो. कार्बन फायबर त्याहून हलके आणि ताठ असते, मात्र एका बिंदूवर घाव बसला किंवा खटका जास्त आवळला तर ते आतून तडकते आणि बाहेरून कळत नाही. फायबरग्लास थोडे जड आणि थोडे लवचिक असते, पण मार सोसते. सायकलवर किंवा टेम्पोत टाकून रोज नेण्याचे काम असेल तर मी वरती ॲल्युमिनियम आणि खाली फायबरग्लास हीच जोडी सुचवतो.

वजन आणि टिकाऊपणा खरोखर एकमेकांना बांधलेले आहेत अशी एकच जागा आहे, ती म्हणजे कॉइलचे पोट. दोन वेटोळ्यांचा तो नाजूक तोल टिकवायचा तर तारा केसभरही सरकता कामा नयेत. काही कॉइलींत पूर्ण पोकळी इपॉक्सीने भरलेली असते. ती जड होते, पण खोडावर, दगडावर आपटली तरी शांत राहते. काहींत फोमसारखे हलके भरण असते आणि काहींचा आकारच जाळीदार ठेवलेला असतो. हलक्या कॉइलीला धक्का लागताच ती किंचाळते का, हे विकत घेण्याआधी पाहता येते: संवेदनशीलता पूर्ण वाढवा, आसपास धातू नाही याची खात्री करा, आणि कॉइलच्या कडेवर बोटाच्या पेराने टकटक करा. शांत राहिली तर हलकी कॉइल बिनधास्त घ्यावी. प्रत्येक टकटकीला आवाज आला तर वाचवलेले दोनशे ग्रॅम खुंटांनी भरलेल्या सोयाबीनच्या शेतात रोज महाग पडतील. कॉइलवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या झाकणाचाही असाच विचार करावा. ते पुढच्या टोकावरच वजन वाढवते, तरीही ते लावलेच पाहिजे, कारण झिजलेले झाकण बदलता येते, झिजलेली कॉइल बदलणे म्हणजे उपकरणाच्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा मोजणे होय. आठवड्यातून एकदा झाकण काढून आतली माती पुसावी. आपली लोहयुक्त माती तिथे साचली तर कॉइल तिलाच धातू समजू लागते.

वजनदार वस्तू दणकट असते, या समजुतीला आणखी एक उत्तर आहे, आणि ते हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरच्या बाबतीत स्पष्ट दिसते. रंगपंचमीच्या गेरीच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) किंवा अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांच्या (सजवलेल्या देखाव्यांच्या) दिवशी बंदोबस्तातली माणसे तासन्‌तास अशी उपकरणे वापरतात. ती हातातून पडतात, आणि खाली फरशी किंवा डांबर असते. चारशे ग्रॅमचे उपकरण एक मीटरवरून पडले तर ते सुमारे चार ज्यूल ऊर्जेने आपटते. आठशे ग्रॅमचे पडले तर आठ. म्हणजे कवच जाड करून वजन दुप्पट केले की तेच कवच दुप्पट जोराने आपटणार. इथे खरे काम रबरी कोपरे, आतला बोर्ड घट्ट धरणारे खांब आणि मनगटात अडकवायची दोरी करतात. ती दोरी बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून राहिलेली मी पाहिली आहे. लाकूडवाल्यांच्या डिटेक्टरलाही हेच लागू पडते, कारण तोही दिवसातून दहा वेळा ओंडक्यावरून घरंगळतो.

पाण्यापासून संरक्षणाचे आकडे नीट वाचायला हवेत. आयपी ६७ यातला ६ धूळ अजिबात आत जात नाही असे सांगतो, आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी ६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी ठरवते, म्हणून तो आकडा पाहिल्यावर माहितीपत्रकात खोली शोधावी. आपटण्याबद्दल आयपी काहीच सांगत नाही. त्यासाठी आयके नावाची वेगळी श्रेणी आहे, तीत आयके ०८ म्हणजे पाच ज्यूलचा आणि आयके १० म्हणजे वीस ज्यूलचा घाव. खोक्यावर "लष्करी दर्जा" किंवा मिल-एसटीडी-८१० लिहिलेले असेल तर नेमकी कोणती चाचणी केली हे विचारावे, कारण त्या मानकात अनेक वेगवेगळ्या चाचण्यांच्या पद्धती आहेत आणि नुसत्या नावावरून काही सिद्ध होत नाही. वापरतानाचा एक धोका मात्र कोणत्याही आकड्यात दिसत नाही. मे महिन्यात बंद गाडीत तापलेला डिटेक्टर थेट विहिरीच्या गार पाण्यात बुडवला तर आतली हवा आकसते आणि रबरी सीलमधून पाणी आत ओढले जाते. सीलमध्ये वाळूचा एक कण असला तरी तेवढी फट पुरते. उपकरण आधी सावलीत निववावे, सील पुसावे, त्याला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावावे.

बॅटरीचे वजन लोक फार मनावर घेतात, आणि तिथे मिळवण्यासारखे थोडेच असते. साधा अल्कलाइन पेन्सिल सेल सुमारे २३ ग्रॅमचा असतो, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचा सुमारे ३० ग्रॅमचा, आणि एकदाच वापरायचा लिथियमचा सुमारे १५ ग्रॅमचा. चार सेलांचा फरक मूठभर शेंगदाण्यांइतका होतो, आणि कप्पा कोपराखाली असेल तर थोडे वजन तिथे असलेले चांगलेच. टिकाऊपणाच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. अल्कलाइन सेल विसरून राहिला तर गळतो आणि स्प्रिंग खातो. आतच बसवलेली लिथियम बॅटरी गळत नाही, पण काही वर्षांनी तिची क्षमता घटली की उघडून बदलावी लागते, आणि उघडले की पाण्याचे सील पूर्वीसारखे बसवणे कठीण जाते. दूरच्या शेतांवर काम असेल तर वाटेतल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे सेल चालणारा डिटेक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

मजबूत आणि जड उपकरण घेणे काही कामांत अटळच असते. तेव्हा वजन हातावरून अंगावर नेणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. पोलिश अभियंता यूझेफ कोसात्स्की यांनी तयार केलेला भूसुरुंग शोधक १९४२ साली एल अलामेनच्या लढाईत वापरला गेला. त्याचे वजन सुमारे १४ किलो होते आणि तरीही तो एकटा सैनिक चालवू शकत असे. मिनलॅबच्या जीपीएक्स ५००० मध्येही बॅटरी पाठीवरच्या पट्ट्यात असते आणि वळणदार वायरने जोडलेली असते. खांद्यावरून रबरी दोरीने डिटेक्टर टांगण्याचा पट्टा निराळा विकत मिळतो. तो उभे वजन पेलतो, पण फेराच्या शेवटी कॉइल थांबवण्याचे श्रम कमी करत नाही, हे लक्षात ठेवून मगच पैसे खर्चावेत.

दुकानात किंवा मित्राचा डिटेक्टर उसना घेऊन काय पाहावे, असे कोणी विचारले तर मी सांगतो: दांडी आपल्या उंचीला बसवा, मूठ दोन बोटांवर टेकवून तोल कुठे जातो ते पाहा, आणि मग दहा मिनिटे खरोखर फिरवा. दोन मिनिटांत सगळेच हलके वाटतात. सहाव्या-सातव्या मिनिटाला मुठीवरची पकड आवळली जात असेल, तर पुढचा भाग आपल्यासाठी जड आहे. त्यानंतर सुट्या भागांची चौकशी करा. ओ-रिंग, म्हणजे सीलच्या रबरी कड्या, आणि वॉशर इथल्या सियागंज बाजारात मिळून जातात. कॉइल, खटके आणि खालची दांडी मात्र विक्रेत्याकडूनच यावी लागते, आणि ती किती दिवसांत मिळेल हे विचारल्याशिवाय टिकाऊपणाची चर्चा अपुरी राहते. रोज आठ तास झाकणे शोधणाऱ्या ठेकेदाराला लहान, इपॉक्सी भरलेली कॉइल आणि ॲल्युमिनियमची दांडी पुरते. झाकण मोठे असते, त्याला खोलीची चिंता नसते. दागिना शोधणाऱ्याने हलक्या, लहान कॉइलवर पैसे घालावेत. पातळ सोनसाखळीला तर तिच्या एका कडीइतकाच संकेत मिळतो, म्हणून तिथे कॉइल जमिनीला चिकटून फिरणे सर्वांत महत्त्वाचे, आणि ते न दमलेल्या हातालाच जमते.

माळव्यात जुन्या गढ्या, छत्र्या आणि घाट पुष्कळ आहेत आणि त्यांच्याभोवती डिटेक्टर फिरवण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून कायद्याबद्दलही लिहिणे मला आवश्यक वाटते. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खोदता येत नाही. १८७८ च्या भारतीय गुप्तनिधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. खासगी शेतात हरवलेली वस्तू शोधतानाही मालकाची परवानगी आधी घ्यावी आणि खड्डे बुजवून निघावे.

पावसाळा हा इंदूरमध्ये डिटेक्टरचा सर्वांत कठीण काळ असतो. ओली काळी माती कॉइलला लोंद्यासारखी चिकटते आणि नेमक्या टोकावर वजन वाढवते, म्हणून खिशात लाकडी पट्टी ठेवून दर काही मिनिटांनी ती खरवडावी. घरी आल्यावर दांडीचे तुकडे सुटे करून पुसावेत, कारण आत राहिलेला चिखल वाळला की खटके झिजवतो. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत आणि कॉइलचा बोल्ट अर्धा फेर सैल करावा, म्हणजे रबरी वॉशर दबून चपटे होत नाहीत. बोल्ट सैल केला की तो हरवतोही, आणि शेतात गेल्यावर ते कळते. म्हणून माझ्या डिटेक्टरच्या कोपरपट्टीखाली दोन जास्तीचे नायलॉनचे बोल्ट आणि चार वॉशर चिकटपट्टीने बांधलेले असतात. त्यांचे वजन वीस-पंचवीस ग्रॅम असेल, पण ते कोपराखाली आहे.